पोट सुटलेली भिंत

‘‘पोरीचा हात चांगला आहे, पण हिच्या भिंती बघा. सगळ्या प्यायलेल्या,’’ पाटणकर सर शिल्पा मॅडमना म्हणाले आणि दोघंही माझ्या स्क्रीनकडे बघून हसले. मी हातभर अंतरावर बसले होते. मला मराठी कळत नाही असं ते धरून चालले असल्यामुळे आवाज खाली करायची गरज त्यांना वाटली नव्हती. मी माऊस हलवत राहिले. चेहरा कोरा ठेवणं मला शाळेपासून जमत आलं आहे. सर मग इंग्रजीत माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘‘परेरा, धिस वॉल, प्लीज स्ट्रेटन.’’ मी मान हलवली. शिल्पा मॅडम जाता जाता पुटपुटल्या, ‘‘म्यूटचं बटण दाबूनच जन्माला आलीय बिचारी.’’ त्यात वाईट हेतू नव्हता. दुपारी त्यांनीच त्यांच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी माझ्यापुढे धरली आणि ती कशाची असते हे मला इंग्रजीत समजावून सांगितलं. मीही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

हे असं झालं त्याला कारण माझा पहिला दिवस. सरांनी माझं आडनाव वाचलं आणि ‘‘गोवा? मँगलोर?’’ असं विचारलं. मी तोंड उघडते तोवर त्यांचा फोन वाजला, आणि फोन संपल्यावर त्यांनी मला सरळ माझी खुर्ची दाखवली. त्या दिवशी राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर मुद्दाम उठून त्यांच्या टेबलापाशी जाऊन सांगावं लागणार, आणि तेवढं उठणं माझ्याच्याने होईना. पुढे त्यांच्या घरच्या गोष्टी, बायकोशी फोनवरचे वाद, मोठ्या साहेबांच्या नकला, असं बरंच काही माझ्या कानांवर पडून गेलं. आता सांगणं म्हणजे इतके दिवस सगळं ऐकत होते हे कबूल करणं. लाजऱ्या माणसाच्या आयुष्यात अशी दारं आपोआप बंद होतात. कोणी लावून घेत नाही, पण उघडायला जावं तर कडी हाताला लागत नाही.

खरं तर आम्ही वसईचे. पप्पा आणि मम्मी आपसात आणि आमच्याशीही मराठीच बोलायचे. मी मात्र अबू धाबीतल्या शाळेत वाढलेली, त्यामुळे उत्तर इंग्रजीतच जायचं. मम्मी विचारायची, ‘‘चहा घेशील का गं?’’ आणि मी म्हणायचे, ‘‘लेटर, मम्मी.’’ आमच्यासारख्या बहुतेक घरांत हेच चाललेलं असायचं आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. फक्त वसईची आत्या फोनवर ऐकून घ्यायची नाही. ‘‘मला इंग्रजी बातम्या देतेस काय?’’ म्हणायची. म्हणून माझी बोललेली मराठी जी काही होती ती सगळी आत्याच्या फोनवरची, चर्चच्या फेस्टाची, कोणाच्या लग्नाची, विहिरीच्या पाण्याची. ऑफिसात चालेल अशी ती मला कधी वाटलीच नाही. आज मी हे सगळं मराठीत लिहिते आहे आणि मध्येच एखाद्या शब्दापाशी अडते, तेव्हा आत्याचाच आवाज आठवून पुढे जाते.

आमचं ऑफिस अबू धाबीच्या कारखान्यांच्या भागात, मुसफ्फात, एका टायरच्या दुकानाच्या वर होतं. खालून दिवसभर हवा भरायच्या यंत्राचा आवाज यायचा आणि त्या आवाजात आम्ही इंग्लंडमधली जुनी घरं काढायचो. म्हणजे तिकडची माणसं लेझरचं यंत्र घेऊन घरात उभी राहायची, ते यंत्र चारी बाजूंना किरण फेकून प्रत्येक भिंत, कोपरा, खिडकी ठिपक्यांत पकडायचं, आणि ते सगळे ठिपके आमच्याकडे यायचे. त्यांवरून घराचे नकाशे करायचे, हे आमचं काम. इंग्लंड आमच्यातल्या कोणीच पाहिलेलं नव्हतं. पण त्या घरांच्या पोटमाळ्यापर्यंत आम्ही पोचलेले असायचो.

मला मिळालेलं पहिलं मोठं काम म्हणजे ते विटांचं घर. तिथल्या कायद्याने जपलेलं, परवानगीशिवाय एक वीटही हलवायची नाही असं. लाल, हाताने पाडलेल्या विटा. कोणती भट्टीत जास्त भाजलेली म्हणून जांभळट, कोणती कमी भाजलेली म्हणून नारिंगी. रचना अशी की एक वीट लांबीने बाहेर दिसते, तिच्या शेजारची आत शिरलेली असते आणि तिचं फक्त तोंड दिसतं. पुन्हा लांब, पुन्हा तोंड. वरच्या थरात प्रत्येक तोंड खालच्या लांब विटेच्या बरोबर मध्यावर. आत शिरलेल्या विटाच भिंतीचे दोन पदर एकमेकांना धरून ठेवतात, हे मला ठिपके मोजता मोजता कळलं. सांधे चुन्याचे, जाड आणि मऊ दिसणारे. खिडक्यांच्या वर लांबट पाचरीसारख्या विटा घासून घासून अशा बसवलेल्या की मधला सांधा दोऱ्याइतका बारीक. धुराड्यांचे चार गळे छतावर एकत्र उभे, जणू चार माणसं वाट बघत थांबलेली. एका बाजूला एक खिडकी विटांनी बुजवून टाकलेली होती, पण तिची चौकट भिंतीत तशीच दिसत होती. मी ते घर इतकं जवळून पाहिलं की रात्री डोळे मिटले तरी लांब आणि तोंड, लांब आणि तोंड, असं चालूच राहायचं.

त्या घराच्या पूर्वेच्या भिंतीला पोट सुटलं होतं. मधोमध ती बाहेरच्या बाजूला फुगली होती, फार नाही, चार बोटं. मी ती होती तशी फुगलेली काढली. तपासणाऱ्याने तिच्याभोवती लाल गोल करून नकाशा परत पाठवला. मी शेजारी लिहिलं, स्कॅनप्रमाणे. पुन्हा लाल गोल आला. आमच्या ऑफिसची ती सवय होती आणि तिथे ती चांगली सवयच समजली जायची. इथे सगळं नवं. कालपर्यंत वाळू, आज सिमेंटचा ठोकळा, उद्या काच. इथली भिंत वाकडी दिसली तर ती काढणाऱ्याचीच चूक असते, म्हणून रेघ गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणून टाकायची आणि सगळ्यात बाहेरचा बिंदू धरून सरळ ओढायची, हा नियम. पाटणकर सर तर स्वच्छ नकाशासाठी नावाजलेले होते. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. यंत्र एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवतात, मग दोन्हीकडचे ठिपके जोडतात, तेव्हा जोडाजागी असा खोटा फुगवटा कधीकधी येतो. ‘‘इट इज स्टिचिंग एरर,’’ ते मला म्हणाले आणि मी मान हलवली. शेवटी गुरुवारी त्यांनी स्वतःच्या हाताने ती रेघ सरळ केली आणि नकाशा पाठवून दिला.

मला खात्री होती असं मी म्हणणार नाही. खात्री नंतर झाली, आणि ती फोटोंमुळे. घराचे फोटो आमच्याकडे ढिगाने होते. त्यांत त्या भिंतीवर, पोटाच्या उंचीवर, लोखंडाचे काळे एस आकाराचे तुकडे एका ओळीत दिसत. ऑफिसात त्यावरून आधीच चर्चा झाली होती. सरांच्या मते मालकाचं नाव एसवरून असणार. शिल्पा मॅडमचं मत होतं की हौस, दुसरं काय, आपल्याकडे नाही का गेटवर मोर लावत. मी ते तुकडे तसेच नक्षी म्हणून काढले होते. त्या गुरुवारी सगळे गेल्यावर मी आतल्या खोल्यांचे ठिपके उघडले आणि नेमक्या त्याच उंचीवर तक्तपोशीखाली लोखंडाच्या सळया दिसल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेल्या. एस म्हणजे त्या सळयांचं बाहेरचं टोक होतं. कोणे एके काळी ती भिंत बाहेर कलायला लागली, तेव्हा कोणीतरी घराच्या आरपार सळई घालून तिला आतून धरून ठेवलं होतं. भिंत वाकडी होती हे ते घर स्वतःच अंगावर लिहून उभं होतं, आणि आम्ही ती अक्षरं समजून वाचत बसलो होतो.

आता अडचण अशी की त्या घरात वरच्या मजल्याला आधार म्हणून लोखंडी तुळया बसवणार होते. तुळया आमच्या नकाशावरून कापल्या जाणार होत्या. सरळ रेघ पोटाच्या टोकाला धरून ओढलेली, त्यामुळे भिंतीच्या दोन्ही कडांना खरी भिंत कागदावरच्या भिंतीच्या चार बोटं आत होती. तिथे येणारी तुळई लांब पडणार. आणि लांब पडलेलं लोखंड माघारी पाठवायला वेळ लागतो, भिंत मात्र तिथेच असते. छिन्नी घेऊन चार विटा उडवल्या की तुळई बसते. त्या आत शिरलेल्या विटा, ज्यांनी दोन पदर धरून ठेवलेत, नेमक्या त्याच.

शुक्रवारी सुट्टी. तेव्हा आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची आणि आमचा चर्चमधला रविवारचा मिस्साही शुक्रवारीच व्हायचा, त्याचं बाहेरच्यांना हसू यायचं. आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचो, एका अरबाच्या मोठ्या व्हिलात. व्हिला बाहेरून राजवाडा, आतून जिप्समच्या पातळ भिंती घालून पाच कुटुंबांत वाटलेला. आमच्या वाट्याला अर्धा दिवाणखाना आला होता, म्हणून छतावर मोठ्या झुंबराभोवतीच्या नक्षीकामाचा अर्धाच गोल होता, उरलेला पलीकडच्या केरळी कुटुंबाकडे. त्यांचा मिक्सर लागला की आमच्या भिंतीवरचा क्रूस थरथरायचा. दुसऱ्या बाजूच्या फिलिपिनो जोडप्याचं गाणं आम्हाला पाठ झालं होतं. मम्मीने सुके बोंबील भाजायला घेतले की एसीच्या पाइपातून वास सगळीकडे जायचा आणि पलीकडून भिंतीवर टकटक व्हायची. ‘‘आंटी, फिश?’’ मम्मी इकडून टकटक करून उत्तर द्यायची, ‘‘फाइव्ह मिनिट्स,’’ आणि खरंच पाच मिनिटांत खिडक्या उघडायची. भिंतीवर बोट वाजवलं की पोकळ आवाज यायचा. त्या दिवशी मी दोनदा वाजवून बघितलं.

जेवायला सुरमई होती, बाटलीच्या मसाल्यातली. तो मसाला दर उन्हाळ्यात आत्या कुटून घ्यायची आणि बिअरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरून पाठवायची. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि कांदा. पप्पा हॉटेलात मेजवान्यांच्या विभागात सुपरवायझर, लग्नाचा सीझन असल्यामुळे रात्रभर उभे राहून आलेले. ते पाय स्टुलावर ठेवून जेवत होते.

‘‘काय झालंय हिला? सुरमईला हात लावलेला नाही,’’ मम्मी म्हणाली.

‘‘नथिंग, मम्मी.’’

‘‘नथिंगचं तोंड असं नसतं.’’

मग मी सांगितलं, इंग्रजीतच, तुटक तुटक. भिंत, सळया, सोमवारी इंग्लंडशी होणारा कॉल आणि त्यानंतर कापायला जाणारं लोखंड. पप्पांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

‘‘साहेब बोलला ना सरळ? मग सरळ. तुझं प्रोबेशन चालू आहे. व्हिसा कोणाच्या हातात आहे, त्या घराच्या?’’

‘‘पप्पा, दे विल कट द ब्रिक्स.’’

‘‘कापू देत. त्यांच्या विटा आहेत. आपल्या भिंती बघ, उद्या अरब बोलला यल्ला, निघा, तर स्क्रू काढून दुपारपर्यंत खोली मोकळी.’’

मम्मीने माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली. मग तिने विचारलं, ‘‘तुझा साहेब वाईट आहे का?’’

‘‘नो. ही’ज गुड.’’

‘‘मग त्याला सांगायला भीती कसली?’’

‘‘दॅट्स व्हाय,’’ मी म्हणाले. तिला ते कळलं नसावं. कारण मी एक गोष्ट घरी सांगितली नव्हती. बुधवारी सर शिल्पा मॅडमशी माझ्या पाठीमागेच उभं राहून बोलले होते. ‘‘शेवटची संधी आहे ही. मागच्या कामात इंग्लंडच्या त्या बाईने चुका काढल्या तेव्हापासून मोठा साहेब माझ्याकडे वेगळंच बघतोय. यात आता एक जरी निघाली ना, तर पुढचं काम दुसऱ्या ऑफिसला आणि मी खलास. घरी बोललो नाहीये अजून. पोरीची बारावी आहे.’’ शिल्पा मॅडम म्हणाल्या होत्या, ‘‘काही निघत नाही, सर. तुमचं ड्रॉइंग म्हणजे आरसा.’’ आणि मी त्या दोघांच्या पुढ्यात, भिंतीसारखी.

सरांना मी परकी वाटत होते म्हणूनच त्यांची भीती मला कळली होती. ती कळली नसती तर ‘सर, तुमची रेघ चुकली आहे’ हे वाक्य मला कदाचित जमलं असतं. आज मी जुन्या भिंतींचीच कामं करते आणि माझ्या हाताखालच्या मुलांना चूक दिसली की बोला म्हणून सांगते. सांगणं सोपं आहे. समोरच्याचं काय जाणार आहे हे माहीत असताना बोलणं काय असतं, ते मी त्यांना सांगत नाही.

रविवारी मी सळयांचा फोटो आणि आतल्या ठिपक्यांचं चित्र जोडून सरांना मेल केली. उत्तर आलं, ‘नोटेड, थँक्स.’ त्यांनी जोडलेलं उघडलं नव्हतं, ते दिसतच होतं, कारण दिवसभर मोठा साहेब त्यांच्या केबिनमध्ये बसून होता. संध्याकाळी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. ‘‘येस, परेरा?’’ त्यांचे डोळे लाल होते. मी म्हणाले, ‘‘नथिंग, सर. गुड नाइट.’’

सोमवारी दुपारच्या जेवणानंतर कॉल होता, तिकडे तेव्हा सकाळ. मीटिंगच्या खोलीत सर, शिल्पा मॅडम, मी आणि टेबलाच्या मध्ये तो चपटा काळा फोन, ज्यातून सगळ्यांचा आवाज तिकडे जातो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पलीकडे हेलन नावाच्या बाई, मागच्या कामात चुका काढणाऱ्या त्याच, त्या घराच्या वास्तुरचनाकार. सावकाश, प्रत्येक शब्द खाली ठेवत बोलायच्या. मागे त्यांच्या खोलीत कुठेतरी किटली शिट्टी घालत होती. त्यांनी एकेक नकाशा घेतला. तळमजला ठीक. जिना ठीक. धुराडी छान काढली आहेत, कोणी काढली? सर म्हणाले, ‘‘अवर ज्युनिअर, मिस परेरा.’’ हेलन बाई म्हणाल्या, ‘‘लव्हली, मिस परेरा,’’ आणि मी फोनकडे बघून मान हलवली, जणू फोनला दिसतं. शिल्पा मॅडमनी ओठ दाबून हसू आवरलं.

मग वरचा मजला आला. मी माझा लॅपटॉप, त्यावर तक्तपोशीखालच्या सळया उघडलेल्या, हळूच सरांच्या बाजूला सरकवला. त्यांनी एक नजर टाकली, मी काम दाखवायला उत्सुक आहे असं समजून हसले आणि लॅपटॉप बोटाने परत माझ्याकडे ढकलला. हेलन बाई सांगत होत्या की लोखंडवाले वाट बघत आहेत, आज दुपारी त्यांना होकार दिला की कापायला सुरुवात होईल. पूर्वेच्या भिंतीबद्दल काही सांगायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज किंचित थांबला. त्या घरात त्या गेल्या असणार. त्या भिंतीला त्यांनी हात लावला असणार. पण नकाशा आमचा होता, आणि नकाशात ती भिंत सरळ होती.

सरांनी पाण्याचा ग्लास उचलून परत ठेवला. माझ्या डोक्यात इंग्रजी वाक्यं तयार होती, तीन-चार, सगळी व्यवस्थित. त्यांतलं कुठलंही बोललं की ते दोन ठिकाणी एकाच वेळी पोचणार होतं, सरांच्या कानात आणि तिकडे त्या किटलीच्या खोलीत. सर म्हणाले, ‘‘ईस्ट वॉल...’’ आणि पुढचं बोलायला त्यांनी श्वास घेतला. फोन म्यूट करायचं बटण त्यांच्या बाजूला होतं, माझा हात पोचत नव्हता. माझ्याकडे अजून एक भाषा होती जी तिकडे कोणालाच कळणार नव्हती आणि जी या खोलीत मी कधी काढली नव्हती. आवाज आला तो आत्याशी बोलतानाचा, वसईचा, थोडा मोठाच.

‘‘सर, थांबा. त्या भिंतीला खरंच पोट आहे, आतून सळयांनी बांधलीय ती, मी इथे उघडून ठेवलंय. त्यांना अजून काही कळलेलं नाही. तुम्ही बघा, आणि तुम्हीच सांगा.’’